सूर बाळासाठी, शब्द आईसाठी

अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचं ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हे पुस्तक १९०३ मध्ये प्रसिद्ध झालं. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी आपल्या घराण्यातल्या एका गाण्याची हकिगत सांगितली आहे. त्यांच्या आजोबांच्या आजीला एका डच व्यापाऱ्याने आफ्रिकेतून पकडून अमेरिकेत आणलं होतं. मुलूख परका, हवा थंड, भोवतालची भाषा अनोळखी. आपल्या लेकराला गुडघ्यांशी धरून ती एक गाणं गुणगुणायची. त्या लेकराने ते पुढे आपल्या मुलांना ऐकवलं, त्यांनी त्यांच्या मुलांना. असं करत करत दोनशे वर्षांनी ते डू बॉइस यांच्यापर्यंत पोचलं. तोवर त्यातल्या शब्दांचा अर्थ घरात कुणालाच माहीत नव्हता. गाणं मात्र जिवंत होतं.

गुलामीत माणसाचं गाव जातं, नाव जातं, हळूहळू भाषाही जाते. मग एक अंगाई कशी टिकते?

याचं उत्तर अंगाईच्या घडणीत आहे. अंगाईत दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक म्हणजे आवाज: सूर, ठेका, आईच्या छातीतली कंपनं. तो थेट बाळाच्या शरीरावर काम करतो. दुसरी गोष्ट शब्द. चार महिन्यांच्या बाळाला त्यातलं काही कळत नाही. तरीही जगभरच्या बायका अंगाईत शब्द घालत आल्या आहेत, कारण ते शब्द गाणारीसाठी असतात. आफ्रिकेच्या मौखिक परंपरेत ही दोन्ही कामं फार स्पष्ट दिसतात. गेल्या काही वर्षांत विज्ञानानेही ती मोजायला सुरुवात केली आहे.

पाठ हाच पाळणा

आफ्रिका म्हणजे ५४ देश आणि दोन हजारांच्या आसपास भाषा. त्यामुळे ‘आफ्रिकी अंगाई’ नावाची एकच गोष्ट असू शकत नाही. पण सेनेगलपासून मोझांबिकपर्यंत एक दृश्य वारंवार दिसतं. आई थोडी वाकते, बाळाला पाठीवर घेते आणि एका लांब रंगीत कापडाने त्याला घट्ट बांधून घेते. केनिया-टांझानियात त्या कापडाला ‘कांगा’ म्हणतात, मोझांबिकमध्ये ‘कापुलाना’. मग ती कामाला लागते. उखळात धान्य कांडते, शेतात जाते, पाणी आणते. बाळ कुरकुरलं की चालता चालता किंवा कांडता कांडता गाणं सुरू होतं. गाण्याचा ठेका तिच्या अंगाच्या हालचालीतून येतो.

मराठीत ‘पाळणा’ हा शब्द वस्तूलाही लागतो आणि गाण्यालाही. तिथे पाळणा म्हणजे आईची पाठ. बाळाला गाणं नुसतं ऐकू येत नाही, ते त्याच्या अंगाला जाणवतं. त्याचा गाल आणि छाती आईच्या पाठीला चिकटलेली असते, त्यामुळे तिच्या आवाजाची कंपनं थेट त्याच्या शरीरात उतरतात.

याचा बाळावर काय परिणाम होतो, हे जपानमधल्या ‘रिकेन’ संस्थेच्या संशोधकांनी मोजून पाहिलं. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की आईने बाळाला उचलून चालायला सुरुवात केली की काही सेकंदांतच त्याची वळवळ थांबते, रडणं कमी होतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. नुसतं बसून कडेवर घेतल्याने तेवढा फरक पडत नाही. उंदराच्या पिल्लांतही अशीच प्रतिक्रिया दिसली. आईने मानेला धरून उचललं की पिल्लू अंग सैल सोडतं. आई चालत असताना पिल्लाने हातपाय झाडले तर दोघांनाही धोका असतो, म्हणून ही सवय शरीरातच रुजलेली असावी.

२०२२ मध्ये याच गटाने आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. रडणाऱ्या बाळाला पाच मिनिटं न थांबता घेऊन चाललं की रडणं थांबत होतं आणि जवळपास निम्मी बाळं झोपीही जात होती. मात्र लगेच खाली ठेवलं की त्यातली बरीच जागी होत होती. झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटं बसून राहावं आणि मग बाळाला खाली ठेवावं, असं संशोधकांनी सुचवलं. आफ्रिकेतल्या आईला घड्याळाची गरज नव्हती. बाळ झोपलं तरी तिचं काम चालूच राहायचं, आणि बाळ पाठीवरच.

कलाहारी वाळवंटातल्या सान लोकांविषयीची निरीक्षणंही बोलकी आहेत. हे शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारे लोक. त्यांची बाळं दिवसाचा बराच वेळ कुणाच्या ना कुणाच्या अंगाला लागून असतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सान बाळं पाश्चात्त्य देशांतल्या बाळांइतक्याच वेळा रडतात. पण प्रत्येक वेळचं रडणं खूप लवकर थांबतं. रडणं सगळ्याच बाळांच्या वाट्याला येतं. ते किती लांबेल, हे मात्र बऱ्याच अंशी बाळाच्या जवळ कोण आहे आणि ते किती लवकर हलतं यावर ठरतं.

ओळख जन्माआधीची

कानाचं काम तर जन्माआधीच सुरू झालेलं असतं. गर्भाला साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज जाणवू लागतात, आणि सगळ्यांत जास्त कानावर पडतो तो आईचा आवाज. १९८० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात नवजात बाळांना एक विशेष चोखणी दिली होती. ती एका लयीत चोखली की आईचा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या लयीत चोखली की परक्या बाईचा. तीन दिवसांच्या आतल्या बाळांनी आईचा आवाज लागेल अशी लय धरली.

बोलणं आणि गाणं यांतही फरक पडतो. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी सात ते दहा महिन्यांच्या बाळांना बोलण्याच्या आणि गाण्याच्या ध्वनिफिती ऐकवल्या. गाणी तुर्की भाषेतली होती, म्हणजे बाळांना पूर्णपणे अनोळखी. लाडिक बोलणं ऐकताना बाळं सरासरी चार मिनिटांच्या आसपास शांत राहिली. गाणं ऐकताना तोच वेळ सुमारे नऊ मिनिटांवर गेला.

गाणं अनोळखी असलं तरी ते अंगाई आहे हे कळतं का? सॅम्युअल मेर आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ८६ समाजांतली ११८ गाणी गोळा केली. त्यांत आफ्रिकेतल्या समाजांचीही गाणी होती. अंगाई, नाचाची गाणी, प्रेमाची गाणी आणि आजार बरा करण्यासाठी म्हटली जाणारी गाणी, असे चार प्रकार होते. त्यांचे १४-१४ सेकंदांचे तुकडे ६० देशांतल्या ७५० लोकांना ऐकवले. भाषा आणि समाज माहीत नसताना, अवघ्या १४ सेकंदांत लोकांना नाचाचं गाणं आणि अंगाई चांगल्या प्रकारे ओळखता आली. प्रेमगीतं ओळखताना मात्र गोंधळ झाला. म्हणजे प्रेम व्यक्त करण्याच्या तऱ्हा समाजागणिक बदलतात, पण बाळ निजवण्याच्या सुरात जगभर काहीतरी सारखं आहे. संथ लय, कमी चढउतार, तेच ते पुन्हा म्हणणं.

याच गटाने पुढे १४४ अमेरिकी बाळांना परक्या भाषांतली गाणी ऐकवली. काही गाणी अंगाया होत्या, काही इतर. अंगाई चालू असताना बाळांचे हृदयाचे ठोके जास्त मंदावले आणि डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या. ही शरीर सैलावल्याची खूण आहे. त्या भाषा या बाळांनी पूर्वी कधीच ऐकलेल्या नव्हत्या. डू बॉइस यांच्या घरातल्या मुलांनी अर्थ न कळणारं गाणं पिढ्यान्‌पिढ्या का धरून ठेवलं असेल, याचा थोडा उलगडा इथे होतो. अर्थ हरवला तरी गाण्याचं मुख्य काम चालूच होतं.

भाषेचा पहिला धडा

पण शब्द अगदीच निरुपयोगी असतात असंही नाही. नायजेरियातल्या योरुबा भाषेत स्वराच्या उंचीवर अर्थ ठरतो. ‘ओको’ असं ऐकू येणारा शब्द स्वर वरखाली केला की नवरा, कुदळ, वाहन किंवा भाला होतो. अशा भाषेत गाण्याची चाल मनाला येईल तशी लावता येत नाही. चाल शब्दांच्या चढउताराला धरूनच जावी लागते. त्यामुळे अंगाई ऐकणाऱ्या योरुबा बाळाच्या कानावर गाण्यासोबत भाषेचा सांगाडाही पडत राहतो.

हे लवकर होण्याला महत्त्व आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना सहा महिन्यांपर्यंत अशा स्वरभेदांतला फरक जाणवतो, पण नऊ महिन्यांपर्यंत ही क्षमता कमी होऊ लागते, कारण इंग्रजीत तिची गरज पडत नाही. चिनी घरांतल्या बाळांत ती टिकते. मेंदू पहिल्या वर्षातच ठरवत असतो की कुठले आवाज ठेवायचे आणि कुठले सोडायचे.

योरुबा घरांत ‘ओरिकी’ नावाचा आणखी एक प्रकार आहे. ओरिकी म्हणजे गौरवाची, कौतुकाची नावं आणि पदं. बाळाला जन्मानंतर लाडाचं ओरिकी नाव मिळतं, शिवाय घराण्याची, पूर्वजांची ओरिकी असतातच. रडणाऱ्या बाळाला आई किंवा आजी त्याची ओरिकी म्हणून समजावते. तू कुणाचा, तुझे पूर्वज कोण, कुठल्या गावचे, हे बाळाला कळायच्या आधीच त्याच्या कानावर पडू लागतं. जिथे वंशावळ कागदावर नव्हती, तिथे ती अशी तोंडी राखली जाई.

अर्थात आफ्रिकेतल्या सगळ्याच आया बाळाशी भरपूर बोलतात असं नाही. पश्चिम केनियातल्या गुसी समाजात रॉबर्ट लेवाइन आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. तिथल्या आया बाळाशी समोरासमोर गप्पा मारत नव्हत्या, त्याला हसवून उत्तेजित करत नव्हत्या. बाळ शांत राहावं, पोट भरलेलं असावं, ते जगावं यावर त्यांचा सगळा भर होता. जिथे बालमृत्यू जास्त, तिथे शांत बाळ हीच मोठी कमाई. अंगाईचं मूळ काम तिथे लख्ख दिसतं.

बाळाच्या नावाने मनातलं

आता शब्दांकडे. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू समाजात आई प्रत्येक बाळासाठी स्वतः एक छोटं कवन रचते. त्याला ‘इसांगेलो’ म्हणतात. ते त्या बाळाचं स्वतःचं असतं. रडणं थांबवायला, खेळवायला, नाचवायला आई ते म्हणते. वरवर पाहता ते बाळाचं कौतुक असतं. पण एलिझाबेथ गनर या अभ्यासिकेने १९७९ मध्ये लिहिलेल्या लेखात दाखवलं की या कवनांत बऱ्याचदा आईचंच गाऱ्हाणं असतं. नवऱ्याचं दुर्लक्ष, सासरची बोलणी, सवतीचा मत्सर, शेजारणीने उठवलेली कंडी.

झुलू घरात सुनेवर बोलण्याचे कडक निर्बंध असत. सासऱ्यांचं नावच काय, त्या नावाशी जुळणारी अक्षरंसुद्धा उच्चारायची नाहीत, अशी प्रथा होती. अशा घरात सून सासूसमोर तोंड उघडू शकत नाही. पण बाळाला खेळवताना तिने काही म्हटलं तर तिला कोण अडवणार? ती तर बाळाशी बोलते आहे. ऐकायचं त्याने बरोबर ऐकलेलं असतं. मराठी वाचकाला हे नवीन वाटायचं नाही. जात्यावर बसलेल्या बाईने ओवीत जे सांगितलं, ते तिला ओसरीवर सांगता आलं नसतं.

सगळ्याच अंगाया आईच्या तोंडच्या नसतात. आफ्रिकेतल्या अनेक समाजांत बाळ सांभाळायचं काम घरातल्या मोठ्या बहिणीकडे असे. स्वतःच आठ-दहा वर्षांची असलेली ही पोर पाठीवर भाऊ किंवा बहीण घेऊन फिरते. आई शेतात किंवा बाजाराला गेलेली असते. अशा गाण्यांत आई कधी परत येणार, येताना काय आणणार, हा विषय पुन्हा पुन्हा येतो. बाळाला धीर देता देता ती पोर स्वतःलाही धीर देत असते. काँगोच्या इतुरी जंगलातल्या एफे लोकांत तर चार महिन्यांचं बाळ दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ आईखेरीज इतरांच्या हातात असल्याची नोंद १९८७ मध्ये झाली आहे. तिथे बाळाला निजवणं हे आख्ख्या वस्तीचं काम असतं.

काळ बदलला तसे अंगाईचे शब्दही बदलले. १८८६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिसरात सोन्याची खाण सापडली आणि पुढची शंभर वर्षं दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यांतले पुरुष खाणींकडे जात राहिले. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यांना बायकामुलं सोबत नेता येत नव्हती. पुरुष खाणीजवळच्या वसतिगृहांत राहत आणि बायका गावी. आज जगभर गायली जाणारी ‘थुला बाबा’ ही झुलू अंगाई याच विरहाशी जोडली जाते. ‘थुला’ म्हणजे गप्प राहा, शांत हो. बाबा सकाळी घरी येतील असं आई बाळाला सांगते. बाळाला बाबा म्हणजे कोण हेही नीट माहीत नसतं. वाट पाहणारी आई असते.

आईचं मन

गाणारीलाही त्या गाण्याचा उपयोग होतो का, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने अलीकडेच गांभीर्याने घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात साधारण १० टक्के गर्भवतींना आणि १३ टक्के बाळंतिणींना मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा त्रास होतो. विकसनशील देशांत हे प्रमाण अनुक्रमे १५.६ आणि १९.८ टक्के आहे. म्हणजे पाचांतली एक बाळंतीण. तिथे मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच असतात.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या छोट्या देशात संशोधकांनी यासाठी गावातल्याच गाणाऱ्या बायकांची मदत घेतली. तिथे ‘कान्येलेंग’ नावाचे बायकांचे गट आहेत. मूल होत नाही किंवा झालेली मुलं दगावली अशा बायका या गटांत एकत्र येतात, गातात, नाचतात, थट्टामस्करी करतात. समाजाने ज्यांना दुर्दैवी मानलं, त्याच बायका गावातल्या समारंभांत हक्काने गातात. या गटांनी गर्भवती बायकांसाठी सहा आठवडे, दर आठवड्याला एक, अशी गाण्याची सत्रं घेतली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १२४ गर्भवती होत्या. काही जणी सत्रांना आल्या, काहींना नेहमीचीच सेवा मिळाली. गाणाऱ्या गटात चिंता आणि नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली. चाचणी छोटी होती आणि हा उपाय राबवता येईल का हे पाहणं हाच तिचा मुख्य हेतू होता. पण दिशा स्पष्ट होती.

ब्रिटनमध्ये डेझी फॅनकोर्ट आणि रोझी पर्किन्स यांनी २०१८ मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर नैराश्याची लक्षणं असलेल्या १३४ आया त्यात होत्या. दहा आठवडे बाळांसह एकत्र गाणाऱ्या आया, ज्यांची लक्षणं मध्यम ते तीव्र होती, नेहमीची काळजी मिळालेल्या आयांपेक्षा लवकर सावरल्या.

अंगाईचा उपयोग रुग्णालयांतही झाला आहे. न्यूयॉर्कमधल्या जोआन लोवी यांनी ११ रुग्णालयांतल्या अतिदक्षता विभागांत अपुऱ्या दिवसांच्या २७२ बाळांवर अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांनी स्वतः निवडलेलं गाणं अंगाईसारखं करून बाळाजवळ हळू आवाजात प्रत्यक्ष म्हटलं जाई. त्यामुळे बाळांचे हृदयाचे ठोके, दूध ओढणं आणि झोप यांवर चांगला परिणाम दिसला. त्याबरोबर आईवडिलांवरचा ताणही कमी झाला.

उपजत नाही, शिकलेली

अंगाई सगळीकडे आढळते म्हटल्यावर ती उपजत आहे, कधीच जाणार नाही, असं वाटू शकतं. २०२५ मध्ये मानवीर सिंग आणि किम हिल यांनी या समजाला धक्का दिला. दक्षिण अमेरिकेतल्या पराग्वे देशात उत्तर आचे नावाचा एक आदिवासी समाज आहे. मानववंशशास्त्रज्ञांनी १९७७ पासून चाळीसहून अधिक वर्षांत त्यांच्यामध्ये मिळून दहा वर्षांएवढा काळ काढला. त्यांना तिथे बाळासाठी गाणं कधी आढळलंच नाही. नाचही आढळला नाही. आया बाळावर प्रेम करत होत्या, रडणाऱ्या बाळाला लाडिक बोलून, वेडीवाकडी तोंडं करून, हसून खेळवत होत्या. पण अंगाई नव्हती. संख्या घटत जाण्याच्या आणि नव्या वस्त्यांवर आणून बसवलं जाण्याच्या काळात हा समाज बरंच काही गमावून बसला, त्यात अंगाईही गेली असावी, असं संशोधकांना वाटतं.

म्हणजे अंगाईने शांत होणं बाळाच्या शरीरात असतं, पण अंगाई म्हणणं कुणाकडून तरी शिकावं लागतं. एका पिढीने म्हटली नाही तर पुढचीला ती आपोआप येत नाही.

आफ्रिकेत हे शिकणं कसं होई, याचं चांगलं उदाहरण राजकन्या मागोगो यांचं आहे. झुलू राजा दिनुझुलु यांची ही मुलगी १९०० मध्ये जन्मली. राजघराण्यातल्या आज्यांकडून ती जुनी गाणी शिकली. भोपळा लावलेल्या ‘उगुभु’ या धनुष्यासारख्या वाद्यावर तिने बाळांची जुनी गाणीही बसवली. लग्नानंतर बाईने गाणं सोडावं असं मानण्याच्या काळातही ती गात राहिली. १९८४ मध्ये तिचं निधन झालं, त्याआधी तिचं गाणं ध्वनिमुद्रित झालं होतं. दक्षिण आफ्रिकेतच ह्यू ट्रेसी यांनी १९५४ मध्ये आफ्रिकी संगीताचं एक मोठं संग्रहालय स्थापन केलं. आज ते ऱ्होड्‌स विद्यापीठात आहे आणि खंडभरातून गोळा केलेली हजारो ध्वनिमुद्रणं तिथे जतन केलेली आहेत.

संग्रहालयात गाणं सुरक्षित राहतं, पण तिथे ते कुणाला निजवत नाही. लागोस, नैरोबी, जोहान्सबर्ग या शहरांत घरं लहान झाली, आजी गावी राहिली, बाळ सांभाळणारी मोठी बहीण शाळेत जाऊ लागली. ती शाळेत गेली हे उत्तमच झालं. पण तिच्या पाठीवर बाळासोबत जी गाणी फिरत होती, त्यांना आता दुसरी पाठ शोधावी लागते आहे.

घरी काय करावं

यातून घेण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. आवाज गोड असण्याची गरज नाही. बाळाला गाणाऱ्याचा सूर नाही, माणूस हवा असतो. तेच गाणं रोज म्हणावं, पुनरावृत्तीनेच ते खुणेचं होतं. गाणं आपल्या घरच्या भाषेत असावं. बाबा, आजोबा, मावशी, मोठी भावंडं, कुणीही म्हणावं. मोबाइलवर लावलेली अंगाई अगदीच वाईट नाही, पण तिला बाळाचा श्वास ऐकून लय कमी करता येत नाही. एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. झोपलेल्या बाळाला सपाट, टणक अंथरुणावर उताणं ठेवावं.

मर्यादाही लक्षात असाव्यात. अंगाई हे औषध नव्हे. बाळ काही केल्या रडायचं थांबत नसेल, दूध घेत नसेल, ताप असेल तर डॉक्टरांकडे जायला हवं. आणि आईचं मन दोन आठवड्यांहून जास्त काळ खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल नकोसे विचार येत असतील तर ते तिने गाण्यात लपवून ठेवू नये आणि घरच्यांनीही कानाआड करू नये. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

झुलू घरातली सून जे बाळाला सांगत होती, ते खरं तर घराने ऐकावं म्हणून सांगत होती. रात्री पलीकडच्या खोलीतून अंगाई ऐकू आली तर बाळ झोपलं का एवढंच विचारून थांबू नये. गाणारी कशी आहे, हेही विचारावं.